मामाजींचा घास

लग्न होऊन मी नागपूरला आले तेव्हा सासरच्या स्वयंपाकघरात सासू नव्हती. सासरे होते.

माझं माहेर भंडाऱ्याकडचं, तलावांच्या मुलखातलं. आमच्याकडे दोन्ही वेळा भात आणि जमेल तेव्हा तलावातली मासोळी. मिरची बेताचीच. लग्न ठरलं तेव्हा आईला एकाच गोष्टीचं बरं वाटलं होतं, की घरात सासू नाही म्हणजे पोरीला जाच नाही. नवरा हिंगण्याच्या कारखान्यात लेथवर होता. सासरे कापडाच्या मिलमध्ये होते, रिटायर व्हायला आलेले. घर सक्करदऱ्याच्या तलावाकडच्या वस्तीत, दोन खोल्यांचं, मागे न्हाणी आणि एक शेवग्याचं झाड.

पहिल्याच सकाळी डोक्यावर पदर घेऊन मी चुलीकडे गेले, तर सासरे उकिडवे बसून पाट्यावर मसाला वाटत होते. बनियन घातलेलं, खांद्यावर पंचा. माझी चाहूल लागली तरी त्यांचा हात थांबला नाही.

"ये वं बेटा. चहा झाकून ठेवला आहे, घे," ते म्हणाले.

सासऱ्यासमोर बसायचं नाही, असं मला शिकवून पाठवलं होतं. मी दाराशीच उभी राहिले.

"उभी काहून? पाय दुखतीन. बस," ते म्हणाले आणि पाटाकडे मान केली. मग विचारलं, "काय काय येते तुले?"

"भात येतो," मी म्हणाले. "मासोळी येते."

ते हसले. मोठ्याने, डोकं मागे टाकून हसले. सुपारीने तांबडे झालेले दात आणि आतला सगळा जबडा दिसला. पुढे ते हसणं आठवायला लागलं की मला त्यांचं ते उघडं तोंडच आधी आठवायचं.

मी त्यांना मामाजी म्हणायचे, आमच्याकडे सासऱ्याला तसंच म्हणतात. सासूबाई माझा नवरा लहान असतानाच गेल्या होत्या. नातेवाइकांनी दुसरं लग्न करा म्हणून पुष्कळ सांगून पाहिलं. मामाजींनी ते ऐकलं नाही. मिलच्या पाळीला जायच्या आधी ते चूल पेटवायचे, भाकरी थापायचे, पोराला जेवू घालून शाळेत सोडायचे. वस्तीतल्या बायका आधी हसल्या आणि मग घरी पाहुणे आले की "रस्सा जरा पाहून जा ना गा भाऊ" म्हणून बोलवायला लागल्या.

मला त्यांनीच शिकवलं. हिवाळ्यात तुराट्यांवर वांगी भाजायची आणि भरतात पातीचा कांदा कच्चाच घालायचा. बेसनाच्या पातोड्या थापायच्या आणि त्यांचा रस्सा करायचा. जवसाची चटणी करायची, पण जवस जास्त भाजले तर कडू होतात. रविवारचं मटण तर एक कामच असायचं. कांदा निखाऱ्यात अख्खा भाजायचा, सुकं खोबरं चिमट्यात धरून जाळावर काळं करायचं, त्यात दगडफूल, खसखस, सुंठ, काळे मिरे, आणि रस्सा धरून राहावा म्हणून चिमूटभर ज्वारीचं भाजलेलं पीठ. तेलाचा हात सैल. वर लाल तर्री अशी यायची की पहिल्या रविवारी मी दोन घास खाल्ले आणि न्हाणीत जाऊन तोंडावर पाणी मारत बसले.

"आदत होईन," मामाजी बाहेरून म्हणाले. "पाणी नको पिऊ, भात खा."

सवय झाली. एका वर्षात अशी झाली की माहेरी गेले की आईच्या हातचं मला सपक लागायचं, आणि आई म्हणायची, "तुले त्या नागपूरवाल्यानं बिघडवलं."

मामाजी जेवायचे तेही पाहण्यासारखं होतं. रस्सा चाखायचा तर पळीतून थेट तळहाताच्या खळग्यात ओतून. भाकरीचा घास मोठा, रश्शात बुडवून, वर कांद्याची फोड ठेवून एकदम तोंडात. घास तोंडात असताना ते कधी बोलले नाहीत. खाऊन झालं की म्हणायचे, "हां." त्या एका 'हां'साठी मी सकाळपासून राबायचे.

मिलमध्ये कापसामुळे बिडीला बंदी. म्हणून तिथली सगळी माणसं सुपारी खायची, तंबाखू आणि चुन्यासोबत घोटून. मामाजीही खायचे. पोरवयात मिलमध्ये लागले तेव्हापासून गालात सुपारी असायचीच, फक्त जेवायला बसताना काढायचे. त्यात आम्हाला कुणाला काही वाईट दिसलं नाही. सगळ्यांचे वडील, सगळ्यांचे सासरे सुपारी खायचे.

ते रिटायर झाले त्या हिवाळ्यात एकदा भरीत केलं होतं. मामाजींनी पहिला घास घेतला आणि हात थांबवला.

"आज मिरची कोणती टाकली वं?"

"तुम्हीच आणलेली, मामाजी. नेहमीचीच."

"तिखट आहे."

माझा नवरा हसला. "बाबा, तुम्ही आणि तिखट?"

मामाजीही हसले, पण भरीत बाजूला ठेवून त्यांनी भाकरी दुधात कुस्करली. मला वाटलं, माझाच हात जड पडला. दुसऱ्या दिवशी मी मिरची कमी केली. त्यांना तिखटच लागली. आणखी कमी केली. नवरा म्हणाला, भाजीला काही चव नाही. मामाजी म्हणाले, जळजळते. मग एक दिवस ते स्वतः बाजारात गेले आणि दुसऱ्या दुकानातून मिरची घेऊन आले, देठं खुडून, बिया झाडून. ती कुटून चटणी केली आणि बोटाच्या टोकावर घेऊन चाखली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पंच्याने त्यांनी ते पुसलं.

"आजकालची मिरचीच खराब येऊन राहिली," ते म्हणाले.

मी मान हलवली. त्यांच्या बोलण्यावर माझा विश्वास नव्हता आणि दुसरं काय असेल ते मला कळत नव्हतं.

संत्र्यांचा मोसम आला तेव्हा कळलं. ते अंगणात उन्हात बसून माझ्या मुलीला संत्रं सोलून देत होते. ती दोन-अडीच वर्षांची होती. तिला अख्खी फोड देत होते आणि स्वतः मात्र फोड बोटांनी चिरून, तिचे तुकडे करून ओठांच्या फटीतून आत सरकवत होते. मी धान्य निवडत बसले होते. पाहून माझा हात थांबला.

"मामाजी, दात दुखतो का?"

त्यांनी आधी 'नाही' म्हटलं. मग माझ्याकडे वळले, तोंड उघडलं आणि उघडं धरून मला दाखवलं. दोन बोटंही नीट आत गेली नसती एवढंच ते उघडलं होतं.

"एवढंच उघडते," ते म्हणाले. "ताकद लावली तरी एवढंच."

"कधीपासून?"

"माहीत नाही बेटा. हळूहळू."

मुलीला तो खेळ वाटला. ती त्यांच्यासमोर उभी राहून मोठा आ करून दाखवायला लागली. मी तिला उचलून आत नेलं.

मोठ्या दवाखान्यात नवरा त्यांना घेऊन गेला, मीही गेले. डॉक्टर तरुण होता आणि नीट बोलणारा होता. त्याने गालाच्या आतून बोट फिरवलं, बॅटरी लावून पाहिलं. आतली कातडी पांढरी पडून दोरीसारखी ताठ झाली आहे, म्हणाला. सुपारीने होतं. जबडा चांगला आहे, जीभ चांगली आहे, पण आतलं कातडं आवळत चाललं आहे.

"औषध?" नवऱ्याने विचारलं.

"गालात इंजेक्शनं देऊ. गोळ्या देतो. सुपारी आजपासून बंद. तिखट बंद. तोंड उघडायचा व्यायाम करायचा रोज."

"मग पहिल्यासारखं होईल ना?"

डॉक्टरने कागदावर लिहिणं थांबवलं. "आहे तिथं थांबलं तरी पुष्कळ समजा," तो म्हणाला.

बाहेर आल्यावर मामाजींनी खिशातली सुपारीची डबी काढून नालीत टाकली. झाकणासकट. त्यानंतर त्यांनी सुपारीला हात लावला नाही, एकदाही नाही. मला वाटलं होतं की माणसाने इतक्या वर्षांची सवय एका झटक्यात सोडली तर शरीरही काहीतरी परत देईल. तसं काही झालं नाही.

इंजेक्शनं झाली. गाल सुजायचा, दोन दिवस बोलता यायचं नाही, सूज उतरली की तोंड तेवढंच. माझ्या नवऱ्याला स्वस्थ बसवेना. त्याने कारखान्यात लेथवर लाकडाचा एक भोवऱ्यासारखा तुकडा करून आणला, निमुळता, घासून गुळगुळीत केलेला. टोक दातांत धरायचं आणि हळूहळू फिरवत आत सरकवायचं म्हणजे जबडा उघडेल, असा त्याचा हिशोब. मामाजी रोज संध्याकाळी भिंतीला टेकून बसायचे आणि तो तुकडा तोंडात घालून फिरवायचे. लाळ गळायची. कधी रक्त यायचं. नवरा सुरुवातीला समोर बसून "अजून थोडं बाबा, अजून थोडं" म्हणायचा. मग तो त्या वेळेला बाहेर चौकात जाऊन उभा राहायला लागला. मामाजींनी मात्र तो तुकडा कधी चुकवला नाही. पोराने केलेला होता ना.

माझ्या हातात फक्त स्वयंपाक होता. तो मी बदलत गेले. भाकरी बंद झाली, मग वरणात भिजवलेली पोळी. पोळी चावताना गालात जखमा व्हायला लागल्या, मग मऊ भात. भाताची शितंही दातांच्या मागे अडकायची आणि बोट आत जात नसल्यामुळे काढता यायची नाहीत, मग ज्वारीच्या कण्या शिजवून घोटलेल्या. त्यात ताक, त्यात जिऱ्याचं पाणी. मिठानेही कधी झोंबायचं. मी शेजारणींना विचारायचे, माहेरी निरोप पाठवायचे, आजारी माणसाला काय काय देतात ते. नाचणी, साबुदाणा, मुगाचं कढण. रोज काहीतरी नवीन करून न्यायचे आणि वाटी त्यांच्यासमोर ठेवून त्यांच्या तोंडाकडे पाहत बसायचे. ते वाटी संपवायचे. 'हां' म्हणायचे नाहीत.

एका रविवारी मी मटणाचा नुसता अर्क काढला. मिरची नाही, मसाला नाही, हळद आणि आलं घालून शिजवलं, फडक्यातून गाळलं आणि गरम गरम वाटीत घेऊन गेले. मला स्वतःला फार आशा होती त्या वाटीची. त्यांनी एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली.

"हे मटण नाही बेटा," ते म्हणाले. तोंड उघडत नसल्यामुळे शब्द दातांतून यायचे आता. "दवाखाना आहे."

ते माझ्यावर चिडले नव्हते. चिडले असते तर बरं झालं असतं. ती वाटी परत नेताना मी रडले. नवऱ्याने ते पाहिलं आणि तो वडिलांवर ओरडला.

"ती दिवसभर तुमच्यासाठीच करून राहिली ना, बाबा! दोन घोट जास्त घेतले तर काय होते? पोट तरी भरन!"

"पोट भरते गा," मामाजी म्हणाले. "रोज भरते. जेवण नाही होत."

नवरा चप्पल घालून निघून गेला.

आमच्या घरी दसरा म्हणजे घरात माणूस मावायचं नाही. दीक्षाभूमीवर दूरदूरून लोक येतात. मामाजींनी दीक्षा घेतली त्या वर्षापासून आमच्याकडे कोण ना कोण मुक्कामाला असायचंच. ओळखीचे यायचे, त्यांच्यासोबत त्यांच्या गावचे अनोळखी यायचे. अंगणात सतरंज्या पडायच्या. मामाजी तिकडून येणाऱ्यांना वाटेतूनच घेऊन यायचे आणि मागच्या अंगणात तीन दगडांची चूल मांडून मोठ्या गंजात वांग्याची भाजी, वरण, भात करायचे. बायकांना ते त्या दिवशी चुलीजवळ येऊ द्यायचे नाहीत. "तुमी चालत आल्या, बसा," म्हणायचे.

त्या वर्षी मी आणि नवऱ्याने सांगून पाहिलं, की या वेळी राहू द्या. ते ऐकेनात. फोडण्यांच्या धुराने गाल आतून जळतो हे आम्हाला माहीत होतं. तोंडावर ओला पंचा बांधून त्यांनी भाजी केली. चाखणं मात्र माझ्याकडे आलं. मी तळहातावर रस्सा घ्यायचे आणि ते माझ्याकडे पाहत उभे राहायचे.

"तिखट कुठं लागते? जिभेले का घशात?"

"घशात."

"मंग मिरे जास्त झाले. पाणी टाक थोडं, आन् गुळाचा खडा."

दुपारी पंगत बसली. मामाजी वाढत होते. यवतमाळकडून आलेली एक म्हातारी बाई होती, दरवर्षी यायची, मामाजींना भाऊ म्हणायची. तिच्या पायात काही नव्हतं, हातावर गोंदण. दोन घास खाऊन तिने मामाजींना हाक मारली.

"भाऊ, तू बस ना गा आता. दरसाल वाढतच राहतो."

"माझं झालं जेवण."

"कधी झालं? म्या तं नाही पाह्यलं. किती वाळला पाह्य! बस इथी माझ्याजवळ."

"झालं वं बाई."

ती ऐकणारी नव्हती. उठून उभी राहिली. भात-वरण-भाजीचा कालवलेला घास तिच्या हातात होता. "बहिणीच्या हातचा एक घास घेत नाही का?" म्हणत तिने तो मामाजींच्या तोंडाशी नेला. मामाजींना मागे सरता आलं नाही, मागे पंगत होती. त्यांनी ओठ उघडले. घास दातांवर आपटला. म्हातारीला वाटलं भाऊ लाजतो आहे, म्हणून तिने आणखी जोर केला. भात ओठांवरून, हनुवटीवरून शर्टावर सांडला. वांग्याची फोड खाली पडली.

"तोंड उघड ना गा," ती अजून हसतच होती.

मी तेलाचं भांडं हातात घेऊन चुलीजवळ उभी होते. मी धावायला हवं होतं, म्हातारीला सांगायला हवं होतं. नवराही पाण्याची बादली घेऊन पंगतीच्या दुसऱ्या टोकाला उभा होता. आमच्यापैकी कोणीच हललं नाही. पंगतीतली सगळी माणसं जेवायची थांबली होती आणि मामाजींकडे पाहत होती. मामाजी तोंड उघडायचा प्रयत्न करत होते. मानेच्या शिरा फुगल्या होत्या. तिच्या मायेसाठी ते खरंच जीव तोडून तोंड उघडत होते.

मग म्हातारीच्या लक्षात आलं. तिने हात खाली घेतला आणि आपल्या पदराने त्यांची हनुवटी पुसली.

"काय झालं रे भाऊ तुले?" तिने हळूच विचारलं.

"सुपारी," मामाजी म्हणाले. आणि वरणाचा गंज उचलून पुढच्या माणसाला वाढायला गेले.

त्यानंतर ते कोणासमोर जेवले नाहीत. आमच्यासमोरही नाही. लग्नाकार्याला जाणं सोडलं. वाटी घेऊन मागच्या खोलीत जायचे, दाराला पाठ करून बसायचे. मुलगी "आजोबा, मी पण" म्हणत मागे गेली की मी तिला धरून ठेवायचे. आतून फक्त शोषून घेण्याचा आवाज यायचा. मी दाराच्या अलीकडे भांडी घासत बसायचे आणि तो आवाज थांबला की वाटी आणायला जायचे.

आम्हालाही समोर तिखट खाणं नकोसं व्हायला लागलं. रविवारचं मटण आपोआप बंद पडलं. कोणी ठरवलं नव्हतं. एकदा नवऱ्याने कंपनीच्या बसमधून उतरून चौकातच तर्री-पोहे खाल्ले, ते त्याच्या शर्टाच्या वासावरून मला कळलं. मामाजींनाही कळलंच असणार, नाक तर त्यांचं पहिल्यासारखंच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पाटा धुऊन ठेवला.

"मटण आणायले सांग त्याले," ते मला म्हणाले. "माझ्या एकट्यासाठी घर काहून उपाशी ठेवता?"

"आम्ही उपाशी नाही, मामाजी."

"आणायले सांग."

मसाला त्यांनीच वाटला. शिजत असताना चुलीपासून थोडं दूर, भिंतीला टेकून ते बसून राहिले. मी वाढायला लागले तेव्हा म्हणाले, "मी इथंच बसतो. तुमी जेवा." आम्ही तिघं जेवलो. मटण छानच झालं होतं. नवरा मान खाली घालून खात होता. मुलगी पहिल्यांदाच तिखट खात होती, तिच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"पाणी नको देऊ, भात दे तिले," मामाजी म्हणाले.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात गालाच्या आत एक फोड आला आणि तो बरा होईना. डॉक्टर बदलले होते. नव्या डॉक्टरने आम्हाला बाहेर बोलावून कॅन्सर असल्याचं सांगितलं. त्यांना नागपूरबाहेर मोठ्या इस्पितळात नेण्याचं विचारलं तर तो म्हणाला, "नेऊ शकता. पण आता त्यांना त्रास देऊ नका, असं मी म्हणेन." मामाजींना आम्ही काही सांगितलं नाही. त्यांनी काही विचारलंही नाही. फक्त त्या संध्याकाळी लाकडी तुकडा तोंडात घातला नाही. भिंतीला टेकून नुसते बसले.

पेज आणखी पातळ झाली. आधी ती चमच्याने जायची, मग वाटीच्या कडेने, मग तीही बाहेर यायला लागली तेव्हा नवऱ्याने एक रबरी नळी आणली. मी गाळलेली पेज पुन्हा गाळायचे. दुधातली साय बारीकशीही राहू नये म्हणून फडकं दुहेरी करायचे. एवढी नीट, एवढी स्वच्छ पेज मी आयुष्यात कधी केली नाही, आणि तिच्यात पेज म्हणावं असं काही उरलं नव्हतं.

शेवटी त्यांना दवाखान्यात भरती केलं. सकाळी मी डबा घेऊन बसने जायचे. एका सकाळी गेले तर त्यांच्या नाकातून नळी घातलेली होती आणि बाजूला बाटली टांगलेली होती. नर्सने माझ्या हातातला डबा पाहिला.

"आता घरून काही आणू नका, बाई," ती म्हणाली. "आम्ही देतो इथलं."

"कण्यांची पेज आहे," मी म्हणाले. "गाळून आणली आहे."

"नाही चालत."

मी खाटेजवळ गेले. मामाजी जागे होते. त्यांनी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बोलता येत नव्हतं. माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवून त्यांनी हळूच दाबली आणि डोळे मिटले. मी डबा मांडीवर घेऊन भेटायची वेळ संपेपर्यंत तिथेच बसून राहिले. पेज कोमट होती, नंतर गार झाली.

घरी आले तेव्हा नवरा पाळीवरून परत आला होता. मी डबा ओट्यावर ठेवला. त्याने झाकण काढून पाहिलं.

"घेतली नाही त्याईनं?"

"देऊ दिली नाही."

त्याने डबा उचलला आणि उभ्या उभ्याच ती पेज पिऊन टाकली. तिच्यात मीठ नव्हतं, जिरं नव्हतं. संपल्यावर त्याने डबा मोरीत ठेवला आणि पाणी ओतून दिलं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

मामाजी त्याच आठवड्यात गेले, दुपारी. आम्ही दोघंही जवळ होतो.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी वस्ती जमली, नातेवाईक आले. भंतेजी आले, वंदना झाली, मग बायका माझ्याजवळ येऊन बसल्या. एकजण म्हणाली, "सून असावी तं अशी. पोटच्या पोरीनं केलं नसतं एवढं खाऊ घातलं." बाकीच्यांनी माना हलवल्या. मला त्यांना सांगावंसं वाटत होतं की मी काही खाऊ घातलं नाही. भाकरीची पोळी केली, पोळीचा भात, भाताची पेज, आणि पेजेत रोज पाणी वाढवत गेले. एवढंच माझ्या हातून झालं. पण त्या इतक्या मनापासून बोलत होत्या, आणि कोणीतरी आतून विचारलं की भात किती लावायचा, म्हणून मी उठून गेले.